गोव्यातील स्थानिक वाहिनीच्या जुन्या फिती कशा जतन कराव्यात
गोव्याच्या पावसाळ्यातील दमट हवा चुंबकीय फितींची वैरी असल्यामुळे, म्हापसा किंवा मडगाव येथील केबल वाहिनीचा इतिहास लिहिण्यास बसण्यापूर्वी तिच्या जुन्या फिती कोरड्या खोलीत उभ्या ठेवाव्यात. बुरशी दिसलेली फीत यंत्रात कदापि घालू नये. ती बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, पसरते आणि पुढच्या फितीही बिघडवते. डिजिटल रूपांतर करताना मूळ पाल (PAL) या दूरचित्रवाणी चित्रण पद्धतीचा, सेकंदाला २५ फ्रेम्सचा वेग कायम ठेवावा. जत्रा, शिगमोत्सव किंवा तियात्र (कोंकणी संगीत नाटक) असो, प्रत्येक चित्रणासोबत तारीख, गाव आणि कॅमेरामनचे नाव नोंदवावे. हे काम कंटाळवाणे असले तरी सर्वांत मोलाचे आहे. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यानुसार केबलचालकांची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होत असे, म्हणून ती जुनी प्रमाणपत्रेही शोधावीत.