घरच्या जुन्या गाडीच्या आठवणी नोंदवून ठेवताना

घरातल्या पहिल्या गाडीचा विषय निघाला की एक जण तिचा नंबर सांगतो, दुसरा रंग सांगतो, तिसरा तो रंग चुकीचा ठरवतो आणि चहा येईपर्यंत विषय संपतो. आमच्याकडे प्रत्येक दिवाळीत हेच होत असे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी १९८१ पासून १९९६ पर्यंत फिकट पिवळसर रंगाची प्रीमियर पद्मिनी होती. ती चालवणारे अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी या आठवणी नीट लिहून काढायला बसले. पहिल्या खेपेला सगळ्यांना एकत्र बसवून प्रश्न विचारले, तेव्हा हाती जवळजवळ काहीच लागले नाही. पुढे जे उपयोगी पडले ते इथे सविस्तर लिहिते, कारण हे काम ज्यांना विचारून करायचे ती माणसे प्रत्येक घरात वयाने थकत चालली आहेत आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही.

सुरुवात बसण्याच्या जागेपासून करावी

"आपली गाडी आठवते का?" असे विचारले की उत्तर एका वाक्यात मिळते. "तू गाडीत कुठे बसायचास?" असे विचारले की माणूस क्षणभर थांबतो आणि मग त्या जागेवरून जे दिसत होते ते सांगू लागतो. खिडकीशी बसणाऱ्याला पुढच्या बाजूची ती छोटी तिकोनी काच आठवते, जी तिरकी उघडली की वारा थेट तोंडावर येत असे. मधे बसणाऱ्याला दोन्ही बाजूंची कोपरे आठवतात. मांडीवर बसणाऱ्याला आईच्या पर्सचे बक्कल आठवते. घर एक, गाडी एक, पण आठवणी जागेप्रमाणे वेगळ्या असतात. म्हणून वहीत पाने माणसांच्या नावाने न पाडता जागांच्या नावाने पाडावीत: चालकाची जागा, त्याच्या डावीकडची, पुढची मधली, मागच्या दोन खिडक्या, मागची मधली.

पुढची मधली जागा हे पान विशेष काळजीने भरावे. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांत त्या काळी गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असे. त्यामुळे पुढची खालची जागा मोकळी राही आणि सीट सलग बाकासारखी असे. (पद्मिनी हे नाव १९७० च्या दशकात आले तरी नाशकात ती गाडी शेवटपर्यंत फियाटच म्हणून ओळखली गेली, घरच्या माणसांच्या तोंडी जे नाव असेल तेच वहीत लिहावे.) त्या बाकावर वडील आणि आई किंवा आजोबा यांच्या मधे घरातले धाकटे मूल बसे, आणि समोरचा अख्खा रस्ता त्याला दिसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा गिअर खाली, दोन वेगळ्या सीटांच्या मधोमध होता, त्यामुळे पुढे तिसऱ्याला जागाच उरली नाही. ज्या घरात फियाट जाऊन मारुती आली, तिथे धाकट्या मुलाची रस्त्याची आठवण तिथे थांबते आणि पुढच्या सीटच्या पाठीची आठवण सुरू होते. आपल्या घरी हा बदल कोणत्या वर्षी झाला ते आवर्जून विचारावे, कारण आधीच्या आणि नंतरच्या आठवणी वेगळ्या करायला हा फार खात्रीचा दुवा आहे.

ज्यांच्या घरी जीप होती त्यांनी मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांसाठी वेगळे पान ठेवावे. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे नाशकातल्या कित्येक मुलांचा पहिला प्रवास जीपमधलाच असतो, आणि तिथे बसलेल्याला पुढचा रस्ता दिसत नाही, मागे पडत जाणारा दिसतो. घरी स्वतःची गाडी कधीच नव्हती, पण वणीच्या गडावर जायला दरवर्षी एकच ओळखीची भाड्याची गाडी येत असे, अशी घरेही आहेत. ती गाडीही या वहीत घ्यावी. मुलांच्या लेखी ती आपलीच गाडी होती.

खुर्च्या मांडून बसावे

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अगदी साधी आहे. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या पुढे (पुढची मधली जागा असेल तर तीन) आणि तीन मागे अशा गाडीसारख्या मांडाव्यात, ज्याला त्याला त्याच्या जुन्या जागी बसवावे आणि मगच बोलायला सुरुवात करावी. अण्णा पुढच्या उजव्या खुर्चीवर बसले तेव्हा मी काही विचारण्याआधीच त्यांचा डावा हात नसलेल्या स्टिअरिंगखाली गेला, मूठ वळली आणि त्यांनी हवेतच गिअर टाकला. "हिवाळ्यात सकाळी चोक ओढल्याशिवाय ती बोलायची नाही," हे त्यांचे पहिले वाक्य. त्याच वेळी आईने मागे वळून खुर्च्यांकडे पाहिले आणि बोटाने मोजले. गाडी सुरू होण्यापूर्वी मुले मोजायची तिची सवय होती, हे ती स्वतः विसरली होती. अशा हालचाली दिसल्या की त्या लगेच वहीत लिहाव्यात, कारण आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या येत नाहीत.

विचारण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. गाडी चालवणाऱ्याला सर्वांत शेवटी विचारावे. तो आधी बोलला की बाकीचे त्याच्या आठवणीला मान डोलावतात आणि स्वतःची आठवण गिळून टाकतात. आमच्याकडे मी आईपासून सुरुवात केली, मग आत्या, मग धाकटी बहीण आणि शेवटी अण्णा. आईकडून जे मिळाले ते अण्णांना ठाऊकच नव्हते: प्रवासाच्या आदल्या रात्री दशम्या करण्याची घाई, उलटी होणाऱ्या मुलासाठी रुमालात बांधलेली आवळासुपारी, आणि जावई किंवा व्याही बरोबर असले की पुढची जागा सोडून मुलांसह मागे दाटीने बसणे. गाडी चालवायला शिकावे असे तिला वाटले होते का, हाही प्रश्न मी विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कोणी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं." आपल्या घरातल्या बायकांना हा प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तर आले नाही तर गप्प बसण्याची तयारी ठेवावी.

विचारण्यासारखे आणखी बरेच आहे. गाडी रात्री कुठे उभी असे? जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या बोळांत गाडी शिरत नसे. ती चौकात किंवा ओळखीच्या दुकानासमोर लागे, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा कोणी तरी असे. ती कोण धूत असे? दसऱ्याला तिची पूजा कोण करी, झेंडूची माळ बोनेटला कशी बांधली जाई, चाकाखाली लिंबू कोण ठेवी? बंद पडली की धक्का मारायला कोण उतरे? एका बैठकीत यांतले तीन-चार प्रश्न पुरेत. अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ वयस्कर माणसाला बसवू नये.

आठवण पडताळावी, पण पुसू नये

वर्षे सहसा चुकीची सांगितली जातात, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. "ही गोष्ट कधीची?" असे विचारण्यापेक्षा तिला नाशिकच्या एखाद्या ठळक घटनेशी बांधावे. १९९१, २००३ आणि २०१५ हे सिंहस्थ सगळ्यांच्या लक्षात असतात. सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूरही असतो. "सिंहस्थाच्या आधी की नंतर?" या प्रश्नाचे उत्तर माणूस सहसा खात्रीने देतो.

गाडीचा नंबरही बोलका असतो. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याआधीच्या महाराष्ट्रातल्या नंबरांत तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. त्यानंतर एमएच आणि आरटीओ कार्यालयाचा आकडा आला, नाशिकचा १५. फोटोत 'एमएच ०१' किंवा 'एमएच ०२' दिसत असेल तर गाडीची पहिली नोंदणी मुंबईची आहे, म्हणजे ती बहुधा जुनी घेतलेली असावी. आर.सी. बुक सापडले तर आधीचा मालक आणि ट्रान्सफरची तारीख त्यातच मिळते. पेट्रोलच्या पावत्या, गॅरेजची बिले, विम्याची कागदपत्रे आणि वडिलांच्या खर्चाच्या डायऱ्या हाती लागल्या तर त्यांतले गाडीचे प्रत्येक पान फोटो काढून ठेवावे.

रस्त्याचा चढउतार हा पडताळणीचा आणखी एक आधार आहे, आणि याचा अनुभव मी थोडा विस्ताराने सांगते. माझ्या बहिणीची ठाम आठवण अशी की दादरला मामाकडे जाताना कसारा घाटात गाडी गरम झाली आणि सगळे खाली उतरले. अण्णांचे म्हणणे असे की गाडी गरम झाली ती परत येताना. नाशिकहून मुंबईकडे जाताना घाट उतरायचा असतो आणि परतताना चढायचा असतो. इंजिन तापते ते चढावर, म्हणून मी बहिणीची आठवण चुकीची ठरवून खोडून टाकली. ते मी करायला नको होते. दुसऱ्या बैठकीत तिने वासाचे वर्णन केले: जळक्या रबरासारखा, घशात बसणारा वास, आणि चाकांजवळून येणारा धूर. तेव्हा अण्णा म्हणाले, "मग ते ब्रेक." लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरले की ड्रममधले लायनर तापतात आणि तसाच वास येतो, म्हणून त्या काळी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवूनच घाट उतरावा लागे. अण्णांच्या आठवणीत मात्र बोनेटखालून येणारी वाफ होती, इगतपुरीच्या अलीकडे घाटनदेवीपाशी थांबणे होते, आणि पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर, ठेवलेले ओले फडके होते. उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ झाली की तो पेट्रोल ओढू शकत नाही. फडक्याने तो थंड केला की गाडी पुन्हा सुरू होते. दोघेही 'गाडी गरम झाली' असेच म्हणत होते, पण घटना दोन होत्या. एक जाताना, एक येताना.

म्हणून दोन आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांतली एकही खोडू नये. त्या समोरासमोरच्या पानांवर लिहाव्यात आणि वास, आवाज, ऊन, भूक यांबद्दल आणखी विचारावे. शक्य असेल तर त्या माणसांना घेऊन तो रस्ता पुन्हा पाहावा, आणि तोही जुन्याच घाटाने जाऊन. समृद्धी महामार्गावर इगतपुरीपाशी आता सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा झाला आहे; त्यातून गेल्यावर यांतले काहीच आठवणार नाही.

फोटो आणि आवाज

फोटो अल्बममधून ओढून काढू नयेत. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटोची पाठ कागदाला धरलेली असते आणि ओढल्यावर वरचा थर तडकतो. तो न काढताच पानासकट स्कॅन करावा. काचेला चिकटलेला फोटो असेल तर काचेसकट, उजेडाची चमक टाळून, मोबाइलने टिपावा. प्रिंट ६०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे ६०० ठिपक्यांना) स्कॅन कराव्यात. निगेटिव्ह सापडल्या तर त्या २४०० किंवा त्याहून अधिकला. फोटोच्या मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन करू नये. आमचा गाडीसमोरचा एकमेव एकत्र फोटो एका दुकानात लॅमिनेट करून घेतला होता. त्यात फुगे धरले आणि आजीचा चेहरा कायमचा गेला.

फोटोत गाडीकडे पाहताना तिच्या भोवतीही पाहावे. चाकाशी उभी सायकल, मागची पाटी, अंगणातली फरशी, टपावर बांधलेली वळकटी. वर्ष ठरवायला या गोष्टी गाडीपेक्षा जास्त मदत करतात.

आवाज नोंदवताना मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, पंखा बंद करावा आणि फोन घडी केलेल्या पंचावर ठेवावा, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव स्वतःच्या आवाजात सांगावे. रेकॉर्डिंग त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवावे, त्यांतले एक दुसऱ्या घरी. आत्याचे पहिले रेकॉर्डिंग माझ्या बिघडलेल्या फोनबरोबर गेले, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिने ते तसे सांगितले नाही.

लिहिताना

लिहिताना बोलणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. आजोबा 'मोटार' म्हणत असतील तर 'कार' लिहू नये. 'सेल्फ मारला', 'स्टेपनी', 'डिकी', 'टप' हे शब्द तसेच राहू द्यावेत. प्रत्येक पानाला रुंद समास सोडावा, आणि वही पूर्ण झाली की ती पुन्हा खुर्च्या मांडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. वाचताना जो जे दुरुस्त करील ते त्याच्याच हाताने समासात लिहून घ्यावे, मूळ मजकूर न खोडता. अण्णांच्या १९८६ च्या डायरीत घाटाच्या त्या दिवशी 'इगतपुरी, बे., ३५' एवढीच नोंद होती आणि मी तिचा अर्थ बेअरिंग असा लावला होता. ते पान वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागून घेतले, चष्मा सारखा केला आणि समासात सावकाश लिहिले: "बेअरिंग नव्हे. फॅनबेल्ट."