लॅपटॉप झोपेना, बंद होईना: अपग्रेडनंतर हात घालण्याआधीची तयारी

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप विंडोज 11 वर गेले. तेव्हापासून ओळखीतल्यांच्या दोनच तक्रारी माझ्याकडे येतात. एक, शटडाऊन केला, स्क्रीन काळी झाली, पण पंखा घरघरतोय आणि दिवा तसाच. दुसरी, झाकण मिटून बॅगेत टाकला होता, काढला तर इस्त्रीसारखा तापलेला.

आधी तारीख मोजा. अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परतता येतं, नंतर नाही. तोवर जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका, परतीचा रस्ता त्यातच आहे. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेली की ऐनवेळी काय कामाची?

मग वही घ्या आणि नेमकं काय बिघडलंय ते लिहा. बंद होत नाही, झोपत नाही (म्हणजे स्लीपमध्ये जात नाही) आणि झोपेतून आपोआप उठतो, ही तीन वेगळी दुखणी आहेत.

बंद होत नसेल तर एकदा रीस्टार्ट करून पाहा. रीस्टार्ट सुरळीत होतो आणि शटडाऊन अडतो, असं असेल तर माझा पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर. विंडोज 8 पासून आलेल्या या सोयीत शटडाऊन पुरता होतच नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची (यंत्राचे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून तर रोज रात्री बंद केलेला लॅपटॉप टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ नऊ दिवस दाखवतो! शिफ्ट दाबून धरून शटडाऊन केलात की तेवढ्यापुरता पूर्ण शटडाऊन होतो. तो नीट झाला तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

झोपेच्या तक्रारीसाठी टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड (टाइप अर्थात इंग्रजीतच करायची), पुढे स्लॅश देऊन ‘रिक्वेस्ट्स’ लिहिलं की कोण झोपू देत नाही ते कळतं. ‘लास्टवेक’ लिहिलं की शेवटी कोणी उठवलं ते. नुसतं ‘ए’ लिहिलं की या मशीनला झोपेचे कोणते प्रकार येतात ते. तिथे एस3 या गाढ झोपेऐवजी एस0 दिसलं तर झाकण मिटल्यावरही मशीन फोनसारखं अर्धवट जागं राहतं. मग बॅगेत तापणं ओघानंच आलं. अशा लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर सरळ हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद) होईल असं ठेवा.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघून, आधीच पेन ड्राइव्हवर उतरवा, कारण नेमका वायफायचाच ड्रायव्हर रुसला तर काय करणार? चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप) आणि ग्राफिक्सचे हवेतच. सध्याच्या आवृत्त्यांचे नंबरही वहीत हवेत. नवा तो चांगलाच, हे खरं नसतं. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा कित्येक लॅपटॉप पूर्ण बंद होईनात, आणि इंटेल मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या भागाचा जुना ड्रायव्हर परत घातल्यावर होऊ लागले.

बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट अगदी शेवटी. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली हवी. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि पावसामुळे दिवे ये-जा करत असतील तर तो दिवस सोडून द्या.

आणि एका वेळी एकच बदल. मी एकदा घाईत चार सेटिंग्ज एकदम बदलल्या. लॅपटॉप सुधारला, पुढच्या अपडेटनंतर पुन्हा बिघडला, आणि चारांतली कोणती लागू पडली होती ते मलाच ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक बदलानंतर रात्री चार्जर काढून बॅटरीचा आकडा लिहितो, झाकण मिटतो आणि सकाळी चहाच्या आधी दुसरा आकडा लिहितो, म्हणजे रात्रभरात बॅटरी किती उतरली ते कळतं.