धावत्या दृश्यांसाठी पहिला कॅमेरा

हर्णै बंदरावर थंडीत मासळीच्या लिलावाभोवती घिरट्या घालणारे कुरव (समुद्रपक्षी) टिपायचे असतील, तर मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलण्यापेक्षा कॅमेऱ्याचा फोकस किती चटकन बसतो आणि सेकंदाला तो किती फोटो काढतो, हे आधी पाहावे. नव्या पण संथ कॅमेऱ्याऐवजी २०१३ साली आलेला, सेकंदाला ७ फोटो काढणारा कॅनन ७०डी वापरलेला मिळाल्यास, ५५-२५० मिमी एसटीएम (फोकससाठी स्टेपिंग मोटर असलेल्या) झूम लेन्ससह तो घ्यावा. नवशिक्याला ही जोडी, माझ्या मते, पुरेशी आहे. शटर (प्रकाश आत येऊ देणारा पडदा) उघडे राहण्याचा वेळ १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवावा आणि संध्याकाळी उजेड उतरला की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) बेलाशक वाढवावा, कारण दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

जुनी लेन्स घेताना मात्र घाई नको. मागून टॉर्चचा झोत टाकून आत पाहावे. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती वाढतच जाते, म्हणून अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. घरी कॅमेरा हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. (तांदळाच्या डब्यात ठेवू नये, त्याची भुकटी फटींत शिरते.)