हायड्रॉलिक मालवाहू लिफ्ट: वापर आणि देखभाल करताना या चुका टाळा

भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यात जागा अपुरी पडू लागली की शेडमध्ये लोखंडी माळा चढतो आणि माळ्यापाठोपाठ हायड्रॉलिक मालवाहू लिफ्ट येते. तिची रचना सोपी असते. कोपऱ्यात तेलाची टाकी, मोटर आणि गिअर पंप असलेला पॉवरपॅक असतो. भिंतीलगत उभा सिलिंडर असतो. त्याच्या रॅमच्या (सिलिंडरमधून वर सरकणाऱ्या दांड्याच्या) टोकाला पुली असते आणि तिच्यावरून गेलेल्या लीफ चेनचे (पोलादी पट्ट्या पिनांनी जोडलेल्या साखळीचे) एक टोक खाली पक्के बांधलेले, तर दुसरे केजला (माल ठेवायच्या पिंजऱ्याला) जोडलेले असते. रॅम २ मीटर सरकला की केज ४ मीटर चढते. उतरताना पंपाची गरज नसते. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने चालणारी झडप) उघडला की केज स्वतःच्या वजनाने तेल टाकीत परत ढकलत खाली येते.

रचना सोपी असल्यामुळे बिघाड झाला की पाना हातात घेऊन कोणीही पुढे सरसावतो. अडचण अशी की या यंत्रात लक्षण एका जागी दिसते आणि कारण दुसऱ्याच जागी असते, त्यामुळे बहुतेक दुरुस्त्या ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशा पद्धतीने होतात.

लिफ्ट उचलत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह आवळणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि ती सर्वांत जास्त केलीही जाते. माल भरला, बटण दाबले, मोटर घरघरली, पण केज हलली नाही; मग कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हचे (ठरावीक दाबापुढे तेल टाकीत परत सोडणाऱ्या झडपेचे) लॉकनट सैल करून स्क्रू दोन आटे आत फिरवतो. केज चढते आणि प्रश्न सुटल्याचे सर्वांना समाधान वाटते.

इथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. समजा केजचे वजन ४०० किलो, भारमर्यादा १००० किलो आणि रॅमचा व्यास ८० मिलिमीटर आहे. साखळीच्या रचनेमुळे रॅमवर दुप्पट भार येतो, म्हणजे २८०० किलो. रॅमचे क्षेत्रफळ सुमारे ५०.३ चौरस सेंटिमीटर असल्याने, घर्षण व रॅमचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले तरी, पूर्ण भाराला दाब सुमारे ५६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर लागतो. अशा लिफ्टचा रिलीफ व्हॉल्व्ह ६५ ते ७० च्या आसपास लावलेला असेल, तर जास्त माल भरल्यावर तेल मुकाट्याने टाकीत परत जाते आणि केज जागची हलत नाही. तो बिघाड नव्हे. यंत्राने दिलेला तो नकार आहे. आता तोच व्हॉल्व्ह आवळून ९० वर नेला, तर हीच लिफ्ट सुमारे १८६० किलो माल उचलायला तयार होते. पंप आणि मोटर हे कदाचित निभावून नेतील. परंतु साखळी, तिचे अँकर, गाइड रोलर आणि दाबाखाली वाकू शकणारा लांब सडपातळ रॅम १००० किलोच्याच हिशेबाने निवडलेले असतात.

याच गणिताचा एक चांगला उपयोगही आहे. वरील लिफ्टमध्ये रिकाम्या केजला गेजवर सुमारे १६ दाब दिसेल आणि त्यानंतर प्रत्येक २५ किलो मालाला साधारण १ ने वाढ होईल. म्हणजे प्रेशर गेज हा आपला फुकटचा वजनकाटा आहे. लिफ्ट नवी असतानाच रिकाम्या आणि पूर्ण भरलेल्या केजचे दाब मोजून पॉवरपॅकवर रंगाने लिहून ठेवावेत. पुढे रिकाम्या केजलाच दाब जास्त दिसू लागला, तर गाइडमध्ये काही अडकते आहे किंवा रोलर झिजला आहे असे समजावे. भरलेली केज चढत नसताना गेज नेहमीचा आकडा गाठतच नसेल, तर संशय पंपावर, स्ट्रेनरवर (पंपाआधीच्या तेलाच्या गाळणीवर) किंवा कचऱ्यामुळे अर्धवट उघडा राहिलेल्या व्हॉल्व्हवर घ्यावा. आकडा गाठूनही केज हलत नसेल, तर आधी माल मोजावा.

मालाच्या वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेणे हीच या चुकीची जननी आहे. गोल सळईसाठी व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग भागिले १६२ म्हणजे दर मीटरचे किलो, हे सूत्र शॉप फ्लोअरवर सर्वांना पाठ असते, पण लिफ्ट भरताना ते कोणाला आठवत नाही. ५० मिलिमीटरची ३ मीटर लांब सळई ४६ किलोंची असते, म्हणजे अशा २२ सळयांनीच १ टनाची मर्यादा ओलांडली जाते आणि त्यांचा ढीग दिसायला मात्र किरकोळ असतो. ६०० × ४०० × ३०० मिलिमीटर मापाच्या बिनमध्ये (सुटे भाग भरायच्या पेटीत) टर्निंग केलेले पोलादी भाग अर्धी जागा व्यापतील इतके भरले, तर एकच बिन २८० किलोंच्या घरात जातो. माल एका कोपऱ्यात रचला, तर भारमर्यादेच्या आत असूनही केज तिरकी होऊन गाइडला घासते, तेव्हा जड बिन नेहमी मध्यभागी आणि तळाशी ठेवावा.

केज आपोआप खाली सरकते: आधी निदान, मग सील किट

संध्याकाळी माळ्याच्या पातळीवर उभी केलेली केज सकाळी काही सेंटिमीटर खाली दिसली की सिलिंडर उघडून सील बदलण्याची घाई होते. त्याआधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. हायड्रॉलिक तेल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ टक्के आकुंचन पावते. दिवसभर चाललेले तेल रात्रीतून २० अंशांनी थंड झाले, तर २ मीटर बाहेर असलेला रॅम सुमारे २८ मिलिमीटर आणि केज त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर उतरते. नाशिकच्या डिसेंबरात हे सहज घडते आणि त्यात गळतीचा काही संबंध नसतो. म्हणूनच काम संपल्यावर लिफ्ट तळमजल्यावर आणून ठेवण्याची सवय सर्वांत बरी.

केज पाहता पाहता सरकत असेल, तर मात्र गळती शोधावी लागते. केज थोड्या भारासह अर्ध्या उंचीवर थांबवावी, खाली कोणी जाणार नाही अशी व्यवस्था करावी, रॅमवर पेन्सिलने खूण करावी आणि दहा मिनिटे वाट पाहावी. नंतर सिलिंडरजवळचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून तेवढाच वेळ पुन्हा पाहावे. आता सरकणे थांबले, तर दोष व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहे: चेक व्हॉल्व्हच्या (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) किंवा उतरणीच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा बसला असेल. बॉल व्हॉल्व्ह बंद असूनही केज सरकत असेल, तर सिलिंडरकडे वळावे. त्यातही भरीव रॅमच्या सिलिंडरला आतल्या आत गळती होण्याची सोय नसते. तेल जाईल तर ग्लँडमधून (रॅम बाहेर येतो त्या तोंडाच्या सीलमधून) बाहेरच जाईल आणि डोळ्यांना दिसेल. पिस्टन असलेल्या सिलिंडरमध्ये ते पिस्टन सील ओलांडून वरच्या बाजूला जाते व तिथल्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) किंवा परतीच्या नळीतून प्रकट होते.

व्हॉल्व्हमध्ये कचरा येतो कुठून, हा खरा प्रश्न आहे. बऱ्याचदा तो दुरुस्ती करणाऱ्यानेच घातलेला असतो. समांतर आट्यांच्या फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची नळजोडणीतली सवय इथे आणली जाते आणि टेपचे तुकडे थेट व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतात. अशा जोडाला डाउटी सील (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) लावायचे असते. टाकी कॉटन वेस्टने पुसली की तिचे धागे स्ट्रेनरला वेढतात. त्यासाठी धागे न सुटणारे कापड वापरावे.

आवाज, झटके आणि उलटी फिरणारी मोटर

वीज वितरणाच्या लाइनवर काम झाल्यानंतर लिफ्ट अचानक चढेनाशी झाली, मोटरचा आवाज मात्र नेहमीसारखाच आहे, अशी तक्रार आली तर पाना उचलण्याआधी मोटरच्या पंख्याची दिशा पाहावी. फेजचा क्रम बदलला की मोटर उलटी फिरते, आणि गिअर पंप उलटा चालवत राहिल्यास त्याचे शाफ्ट सील फुटते. कोणत्याही दोन फेज बदलल्या की दिशा सरळ होते, परंतु फेज सिक्वेन्स रिले बसवला तर हा प्रसंगच येत नाही. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेल्यास मोटर थांबवणारे उपकरण) असूनही क्रम तपासणारा रिले नसलेले पॅनेल आजही पुष्कळ दिसतात.

पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येत असेल, तर सक्शन स्ट्रेनर तुंबला आहे किंवा थंडीच्या सकाळी तेल घट्ट झाले आहे. केज झटके देत चढत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. तेलाची पातळी आणि सक्शन पाइपचे जोड तपासावेत. नुसते तेल ओतून हवा जात नाही, सिलिंडरच्या माथ्यावरील एअर ब्लीड स्क्रूमधून ती काढावी लागते, आणि तो स्क्रू केज तळाशी टेकवून, दाब उतरवल्यानंतरच सैल करायचा असतो.

तेल आणि पावसाळा

आपल्याकडे बहुतेक पॉवरपॅकमध्ये ४६ किंवा ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल वापरतात. हा नंबर म्हणजे ४० अंश तापमानाला असलेली चिकटाई. उत्पादकाने जो नंबर सांगितला तोच ठेवावा. इंजिन ऑइल उरले आहे म्हणून ते टाकीत ओतणे ही काटकसर नव्हे. तेलाचे तापमान ६० अंशांच्या आत राहिलेले चांगले. ८० च्या पुढे ते आणि सील दोन्ही झपाट्याने खराब होतात.

तेल दुधाळ दिसले, तर थोडे काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. निवळले तर त्यात हवा होती, दुधाळच राहिले तर पाणी आहे. पाणी शिरण्याच्या वाटा दोन. पहिली म्हणजे लिफ्टचा खड्डा, जो जुलैत भरतो. दुसरी कमी ठाऊक असते: तेलाचे बॅरल उघड्यावर उभे ठेवले की झाकणावर पावसाचे पाणी साठते, दिवसा तापून रात्री थंड होणारे बॅरल श्वास घेते आणि बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढते. बॅरल छपराखाली ठेवावे. जागा नसेलच, तर आडवे, दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे ठेवावे. नवे तेलही गाळूनच टाकीत भरावे.

साखळी, जिच्याकडे कोणी पाहत नाही

साखळी झिजते ती पिनांवर, त्यामुळे बाहेरून ती धडधाकट दिसते. तिची लांबी ३ टक्क्यांनी वाढली की ती बदलायची असते. १९.०५ मिलिमीटर पिचच्या (दोन पिनांमधील अंतराच्या) साखळीच्या २० पिच मोजल्यास नवेपणी ३८१ मिलिमीटर भरतात. ३९२ च्या पुढे गेली तर साखळीचे आयुष्य संपले. पुलीवरून सर्वाधिक वेळा जाणाऱ्या भागातच माप घ्यावे, कारण टोकाकडचा भाग वर्षानुवर्षे नवाच राहतो. वरून ग्रीस थापल्याने पिनांपर्यंत काहीच पोहोचत नाही, तिथे पातळ तेल लागते. खंडेनवमीच्या आधी यंत्रांना रंग देण्याची आपली प्रथा चांगली आहे, परंतु रंगाच्या भरात साखळी आणि रॅमही रंगवले जातात. साखळीवरचा रंग तडे झाकतो आणि रॅमवरचा रंग वायपर सीलला (रॅम पुसणाऱ्या सीलला) फाडतो. (झेंडूची माळ लिमिट स्विचच्या, म्हणजे केज किंवा दरवाजा ठरल्या जागी आल्यावर दाबला जाणाऱ्या स्विचच्या, दांडीला बांधलेलीही पाहिली आहे.) केजजवळ वेल्डिंग करताना अर्थिंग केजला जोडू नये, कारण करंट साखळीतून आणि रॅममधून वाट काढतो व ठिणग्यांनी त्यांचे पृष्ठभाग बिघडवतो.

सैल साखळी हा याहून मोठा धोका आहे. उतरताना केज गाइडमध्ये अडकली आणि बटण दाबलेलेच राहिले, तर रॅम खाली जात राहतो आणि साखळीला झोल पडतो. अशा वेळी कोणी पहारीने केज सोडवायला गेला, तर ती झोलाच्या लांबीइतकी मोकळी कोसळते. झोल दिसला की प्रथम लिफ्ट ‘वर’ चालवून साखळी ताणून घ्यावी आणि केजला खालून भक्कम आधार दिल्यावरच अडथळा काढावा. साखळी सैल होताच उतरणे थांबवणारा स्विच बसवणे फार खर्चाचे नाही.

होज (तेलाची लवचिक नळी) फुटल्यास केज कोसळू नये म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी, तेल फार वेगाने बाहेर जाऊ लागताच बंद होणारा रप्चर व्हॉल्व्ह असतो. तो वारंवार अडकतो म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. प्रत्यक्षात उतरण्याचा वेग जास्त ठेवल्याने तो अडकत असतो. तो व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामध्ये होज घालणे म्हणजे तो नसल्यासारखाच.

दरवाजा, माणूस आणि केजखालची जागा

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २८ ने सहा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून लिफ्टची सखोल तपासणी, तिची नोंदवही, ठळक लिहिलेली भारमर्यादा आणि दरवाजाचे इंटरलॉक या गोष्टी बंधनकारक केल्या. केज मजल्याशी आल्याशिवाय दरवाजा उघडू नये आणि तो बंद झाल्याशिवाय केज हलू नये, हा त्यातला गाभा. प्रत्यक्षात दरवाजाचा लिमिट स्विच तारेने बांधून ठेवलेला आढळतो, कारण दरवाजा वाकल्यामुळे स्विच नीट दाबला जात नाही. बिजागरी सरळ करायला अर्धा तास लागतो. ‘फक्त माल’ असे लिहिलेल्या केजमधून माणूस मालासोबत जातो, तोही बहुधा माल पडू नये म्हणून धरायला; तो माल पट्ट्याने बांधावा आणि माणसाने जिन्याने जावे.

वर उचललेल्या केजखाली केवळ तेलाच्या भरवशावर कधीही जाऊ नये. मेन स्विच बंद करून कुलूप लावले तरी केजच्या वजनाने तेलात दाब शिल्लकच असतो. खालचे काम असेल तर आधी प्रॉप (आधाराचा खांब) किंवा लॉकिंग पिन लावून केज तिच्यावर टेकवावी, मॅन्युअल लोअरिंग व्हॉल्व्हने दाब उतरवावा, गेज शून्यावर आल्याचे पाहावे आणि मगच फिटिंगला हात लावावा.

होजमधून बारीक फवारा दिसला, तर तो बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून जागा शोधावी. दाबाखालचे तेल ७ बारलाही (सुमारे ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर) कातडी भेदू शकते आणि आपण पाहिलेल्या लिफ्टमध्ये दाब त्याच्या कितीतरी पट असतो. सुरुवातीला टोचल्यासारखी लहानशी खूण दिसते व फारसे दुखतही नाही, म्हणून कामगार पट्टी बांधून पाळी पूर्ण करतो. ही जखम शस्त्रक्रियेची आणीबाणी असते. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. अशा माणसाला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, ‘हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तेलाच्या डब्यावरील लेबलचा फोटो सोबत द्यावा.