ग्राइम कसं ऐकायचं: आधी मोजा, मग बघा

ग्राइम म्हणजे लंडनमधलं फास्ट, रॅपसारखं संगीत. ते ऐकायला बसलेले बरेच जण दोन गाण्यांत कंटाळतात, कारण ते शब्द पकडायला जातात आणि शब्द एवढे फास्ट, वर पूर्व लंडनच्या बोलीतले, की सगळं डोक्यावरून जातं. त्यामुळे सुरुवातीला शब्द सोडूनच द्या.

पहिली पायरी, टेम्पो. मोबाइलवर मेट्रोनोमचं (ठेका मोजून देणारं) अ‍ॅप टाका आणि मिनिटाला १४० ठोक्यांवर लावा. ग्राइम साधारण याच स्पीडला चालतं. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पूर्व लंडनमधल्या बो आणि आसपासच्या भागातल्या पोरांनी यूके गराज हे तिथलं क्लबमधलं डान्स म्युझिक घेतलं, त्यातला गोडवा, गायिकांचे मुलायम आवाज वगैरे काढून टाकले आणि ‘जंगल’ नावाचं फास्ट डान्स म्युझिक आणि जमैकन डान्सहॉल यांच्यातली एमसीगिरी, म्हणजे बीटवर माइकवरून रॅप करणं, पुढे आणली. बरेचसे ट्रॅक घरच्या कॉम्प्युटरवर फ्रूटीलूप्स या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये, काही तर चक्क प्लेस्टेशनवर बनलेले. वायलीचं ‘एस्किमो’ लावा, त्यात शब्दच नाहीत, फक्त पोकळ, थंडगार बेस आणि मध्ये भरपूर रिकामी जागा. ती जागा एमसीसाठी सोडलेली असते.

आता बार मोजा. एक-दोन-तीन-चार झाला एक बार, असे आठ. म्हणजे ३२ ठोके, १४० च्या स्पीडला जेमतेम १४ सेकंद! म्युझिकल मॉबचं ‘पल्स एक्स’ (२००२) यासाठी बेस्ट, दर आठ बारला ठेका पलटतो, बोटांवर मोजता येतं. एमसीला तेवढ्यात काहीतरी असं बोलायचं असतं की लोक उसळतील, म्हणून तो एवढा घाईत असतो.

मग थेट जुने रेडिओ सेट, म्हणजे डीजे-एमसींच्या रेडिओवरच्या लाइव्ह कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज, शोधा, माझ्या मते खरं ग्राइम तिथेच आहे, अल्बम नंतर. रिन्स एफएम हे लंडनचं रेडिओ स्टेशन १९९४ ला बिनपरवाना सुरू झालं आणि लायसन्स मिळालं थेट २०१० मध्ये, तोपर्यंत उंच बिल्डिंगच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायचा आणि वाजवायचं. छोट्या खोलीत एक डीजे, बाजूला एमसींची गर्दी, माइक हातोहात फिरतोय. एखादी ओळ जमली की डीजे रेकॉर्ड हाताने उलटी फिरवून ट्रॅक पहिल्यापासून लावतो, याला रीलोड म्हणतात, म्हणजे आपल्या संगीत नाटकातला वन्स मोअरच, फक्त इथे गाणं संपायची वाट कोण बघतोय! रीलोड कुठे आला ते बघत ऐकलं की कोण भारी ते आपोआप कळतं.

क्लबमध्ये मात्र अडचण होती. लंडन पोलिसांचा ‘फॉर्म ६९६’ नावाचा कागद २००५ पासून होता, आयोजकाने कलाकारांची माहिती आधीच द्यायची, शो रद्द व्हायचे, ग्राइमवाल्यांना त्याचा जास्तच फटका बसला. २०१७ मध्ये तो गेला एकदाचा.

व्हिडिओ बघताना कपडे आणि जागा बघा. ट्रॅकसूट, हुडी, कॅप, एअर मॅक्स बूट, मागे सरकारी वसाहतीच्या उंच बिल्डिंगा आणि एमसीच्या पाठीशी अख्खा क्रू लेन्समध्ये घुसतोय. बोटांची पिस्तुलं हवेत दिसली तर घाबरू नका, ती बीट आवडल्याची पावती. शूटिंगचा सेट-बिट लावायला पैसे नव्हते, म्हणून जे कपडे रोज घालायचे आणि जिथे राहायचे तेच कॅमेऱ्यात आलं, २००३ ला सुरू झालेल्या चॅनल यू या म्युझिक टीव्ही चॅनलने असले स्वस्तातले व्हिडिओ दाखवले आणि पुढे तीच स्टाइल झाली. २०१४ मध्ये स्केप्टा या एमसीने ‘दॅट्स नॉट मी’चा व्हिडिओ ८० पौंडात केला, जुन्या टेपसारखा मुद्दाम खराब दिसणारा, आणि त्याला मोबो हे ब्रिटनमधलं कृष्णवर्णीय संगीताचं अवॉर्डही मिळालं.

अल्बममध्ये आधी डिझी रास्कलचा ‘बॉय इन दा कॉर्नर’ (२००३, ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणारं मर्क्युरी प्राइझ), कव्हरवर पिवळ्या कोपऱ्यात काळ्या ट्रॅकसूटमध्ये बसलाय, डोक्याला बोटांची शिंगं. स्केप्टाचा ‘कोन्निचिवा’ (२०१६) आणि स्टॉर्मझीचा पहिला अल्बम (२०१७, ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला) शेवटी ठेवा, नाहीतर त्या चकचकीत आवाजाची सवय लागते आणि जुन्या सेटची खरखर ऐकवत नाही.