खान्देशच्या थंडीत लाँग रनला काय घालावं?

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा पहाटे ८ अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी २८ अंशांचं ऊन असतं. कपड्यांचा घोळ होतो तो इथेच. पहाटे साडेपाचला दारात हुडहुडी भरते म्हणून स्वेटर, वर जर्किन, मफलर असा जामानिमा करून माणूस लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या पळण्याला, निघतो. तिसऱ्या किलोमीटरला आतून घामाघूम होतो आणि उरलेलं सगळं अंतर ओल्या कपड्यांत काढतो. कोरड्या हवेपेक्षा ओलं कापड अंगातली ऊब कितीतरी वेगाने ओढून घेतं. म्हणून कपडे निवडायचे ते तिसऱ्या किलोमीटरसाठी. दारातल्या थंडीकडे बघून निवडू नका.

सोपा हिशोब असा: बाहेर जेवढं तापमान असेल त्यात ८ ते १० अंश मिळवा आणि तेवढ्या हवेत फिरायला जाताना जे घालाल, तेच घालून पळा. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ती सोसवत नसेल तर घरातच पाच मिनिटं जागच्या जागी पळा, पण कपडे वाढवू नका.

बाहेर १५ अंशांच्या वर असेल तर हाफ बाह्यांचा ड्राय-फिट (घाम लवकर सुकवणारा) टी-शर्ट आणि शॉर्ट्स पुरतात. १० ते १५ मध्ये त्यावर हाताला स्लीव्ह्ज, म्हणजे सुट्या बाह्या, चढवा. सूर्य वर आला की त्या काढून कमरेला खोचता येतात, फुल बाह्यांच्या टी-शर्टचं तसं करता येत नाही. १० च्या खाली अंगाबरोबर बसणारा फुल बाह्यांचा पातळ टी-शर्ट, वर बिनबाह्यांचं हलकं विंडचीटर, पायात टाइट्स (अंगाला घट्ट बसणारी लांब पँट), हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी. विणलेले साधे हातमोजे चालतात. बोटं आणि कान सगळ्यात आधी गारठतात, म्हणून तेवढे झाकले की धडावर एक थर कमी चालतो. लोकरीची माकडटोपी मात्र नको, ती घामाने भिजते आणि डोक्यावर ओझं होते.

सुती बनियन आतून घालायची सवय आपल्याकडे पक्की आहे. ती सोडा. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. वरचा टी-शर्ट कितीही भारी असला तरी आतली बनियन छातीला ओली चिकटून राहते. मोज्यांचंही तेच. ओल्या सुती मोज्यात कातडी मऊ पडते आणि १५-१६ किलोमीटरनंतर फोड येतात. जांघा, काखा आणि स्तनाग्रांना निघण्याआधी व्हॅसलिन लावा. थंडीत कातडी आधीच कोरडी असते, त्यात घामाचं मीठ घासलं की सोलवटायला वेळ लागत नाही. वजन उतरावं म्हणून रेक्झिनचं जाकीट घालून पळणारे प्रत्येक मैदानावर दिसतात. त्यात उतरतं ते फक्त पाणी, आणि ते पहिल्या दोन तांब्यांत परत भरून येतं.

वाऱ्याचा विचार रस्ता ठरवतानाच करा. इथली थंडी उत्तरेच्या वाऱ्याने येते. जाताना वारा अंगावर घ्या आणि येताना पाठीवर, कारण परतताना तुम्ही घामाने भिजलेले असता. तापीकाठच्या रस्त्यांवर किंवा रावेर-यावलकडे पाणी दिलेल्या केळीच्या बागांमधून जाताना गावापेक्षा जास्त गारवा लागतो. तिथे विंडचीटरची चेन वर ओढा, बाहेर पडलात की उघडा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, धुकंही असतं, आणि कापसाच्या गाड्या पहाटेपासून रस्त्यावर असतात. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि हेडटॉर्च नसेल तर अंधारात हायवेवर पाऊल टाकू नका. इथे तडजोड नाही.

थंडीत पळण्याने सर्दी-खोकला पकडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पळून झाल्यानंतरचा अर्धा तास तपासावा. पळणं थांबलं की अंग झपाट्याने गार पडतं, आणि आपण तर तसेच ओले गाडीला किक मारून घरी निघतो. चाळीसच्या वेगात तो वारा थेट छातीवर बसतो. डिक्कीत एका पिशवीत टॉवेल, कोरडा टी-शर्ट, स्वेटर आणि कानटोपी ठेवा. थांबल्यापासून दहा मिनिटांत वरचे कपडे बदला, गप्पा नंतर. स्वेटर, कानटोपीची खरी जागा ही.

ड्राय-फिट कपडे धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचा थर बसला की घाम बाहेर येत नाही. दवाने भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवले तर सोलचा डिंक सुटतो.

इथल्या बऱ्याच जणांची रेस मुंबईला, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, आणि तिथली हवा दमट व उबदार. टाइट्स आणि फुल बाह्या तिथे नेऊच नका. शेवटचे दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी चारच्या सुमारास, रेसच्याच शॉर्ट्स-टी-शर्टमध्ये ४० ते ५० मिनिटं सावकाश पळा, म्हणजे अंगाला उष्णतेची सवय होते. स्टार्टला पहाटे उभं राहायचं म्हणून अंगावर एक जुना टी-शर्ट असू द्या, गर्दी हलायला लागली की काढून कडेला ठेवता येतो.