दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव व्हीआर सिम्युलेटरवर कसा करावा

बेळगावच्या रुग्णालयांत खानापूर, चिक्कोडी, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगडहूनही स्त्रिया उपचारासाठी येतात. गर्भनलिकेत गर्भ राहिलेली अशी एखादी रुग्ण रात्री-अपरात्री दाखल होते, तेव्हा रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) पोटावरील लहान छिद्रांतून आत घालायची दुर्बिणीची उपकरणे प्रथमच हाती धरावीत, हे मला मान्य नाही. हे नवखेपण व्हीआर सिम्युलेटरवरच, म्हणजे शस्त्रक्रियेचा आभास निर्माण करणाऱ्या संगणकी यंत्रावरच, सरले पाहिजे.

आधी यंत्राची उंची अशी लावावी की उपकरणांच्या मुठी कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली येतील. पोटावरील छिद्र टेकूसारखे काम करत असल्याने मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जाते, शिवाय सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. म्हणून कॅमेरा फिरवणे आणि वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात देणे हे प्राथमिक व्यायाम अंगवळणी पडल्याखेरीज पुढे जाऊ नये.

नंतर गर्भनलिका काढण्याचे मॉड्यूल (सरावाचा पाठ) घ्यावे. ग्रास्परने (पकडीने) नलिका उचलून तिच्याखालचा ऊतीचा पातळ पडदा ताणून धरावा, नलिकेला लागूनच बायपोलरने (विजेने ऊती जाळणाऱ्या चिमट्याने) थोडा भाग जाळावा, जळाला तेवढाच कापावा आणि याच क्रमाने पुढे सरकावे. नलिकेपासून दूर गेल्यास अंडाशयाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. बायपोलरचे दोन्ही जबडे मॉनिटरच्या पडद्यावर दिसत नसतील, तर वीज सुरू करणाऱ्या पेडलवर पाय मुळीच दाबू नये.

गुण पाहताना वेळेकडे शेवटी वळावे. आधी रक्तस्राव, ऊतींना झालेली इजा आणि उपकरणाच्या टोकाने केलेला एकूण प्रवास तपासावा. तज्ज्ञांची पातळी सलग दोनदा गाठेपर्यंत सराव चालू ठेवावा, आणि तो एका रविवारी उरकण्याऐवजी रोज थोडा थोडा करावा. डेन्मार्कमधील 24 नवख्या डॉक्टरांवरील 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सिम्युलेटरवर तयार झालेल्यांना हीच शस्त्रक्रिया प्रत्यक्ष करण्यास सुमारे 12 मिनिटे लागली, तर इतरांना 24; कौशल्याचे गुणही पहिल्यांचेच अधिक होते.

अनेक यंत्रांत ऊतींचा ताण हाताला खरा जाणवत नाही, त्यामुळे गाठ मारण्याचा सराव खऱ्या धाग्याने साध्या बॉक्स ट्रेनरवर (आत कॅमेरा आणि उपकरणांसाठी छिद्रे असलेल्या सरावाच्या पेटीवर) करावा. तालुक्याच्या रुग्णालयात नेमणूक असल्यास प्लास्टिकचा डबा आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावरही तो होतो. पोटात पहिला ट्रोकार (उपकरणांसाठी वाट करणारी टोकदार नळी) घालणे मात्र वरिष्ठांच्या देखरेखीखालीच शिकावे.